वॉरंटी नेमकी कशाची?

आमचा नवा फ्रिज वर्षाच्या आतच, ऐन मे महिन्यात बंद पडला. दूध नासले, आईचे इन्सुलिन शेजाऱ्यांकडे ठेवावे लागले. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी म्हणते पार्ट यायचा आहे. मेकॅनिक पाहून गेला, पण जॉबशीट (म्हणजे तपासणीची लेखी नोंद) मागितल्यावर टाळाटाळ केली. ही जॉबशीट घेतल्याशिवाय मेकॅनिकला सोडू नये. बिघाड आणि तारीख लेखी नसेल, तर पुढे दाद मागणे जड जाते.

'कॉम्प्रेसरवर १० वर्षे' असे ठळक छापतात. पहिल्या वर्षानंतर गॅस आणि मजुरी बहुतेक वेळा ग्राहकाच्या माथी, हे मात्र बारीक अक्षरात. विक्रीच्या वेळीच हे तोंडाने सांगायला काय हरकत आहे?

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार करता येते. तेवढ्याने भागले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकिलाचीही सक्ती नाही. दुरुस्ती लांबणार असेल तर कंपन्यांनी तोवर पर्यायी फ्रिज द्यावा, ही माझी मागणी आहे.

– एक ग्राहक, विश्रामबाग, सांगली