रॅम सदोष आहे, लिनक्सचं नाव पुढे करू नका

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
(कंपनीचं नाव इथे गाळलं आहे)

विषय: वॉरंटीतील डेस्कटॉपची सदोष रॅम बदलून देण्यास नकार, तसेच न विचारता हार्ड डिस्क फॉरमॅट केल्याबाबत तक्रार.

महोदय / महोदया,

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते आणि घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, यंत्रमाग कारखान्यांची बिलबुकं, टॉवेलच्या पाकिटांवरची लेबलं. आमच्या भागात एकाच पत्रिकेवर मराठी आणि तेलुगू शेजारी शेजारी येतात, अधूनमधून कन्नडही. हे सगळं काम लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर, इंकस्केप आणि लिबरऑफिस या प्रोग्रॅममध्ये चालतं. आपला डेस्कटॉप मी गेल्या दिवाळीत अधिकृत विक्रेत्याकडून घेतला, तीन वर्षांच्या वॉरंटीसह. बिलावर ऑपरेटिंग सिस्टिमच्या रकान्यात 'फ्रीडॉस' असं छापलेलं आहे. विंडोज नसलेला संगणक आपणच विकायला ठेवलात आणि मी तो तसाच घेतला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं घोडं इथेच अडलं आहे.

त्रास उन्हाळ्यात सुरू झाला. आधी फायरफॉक्सचे टॅब आपोआप बंद पडायचे, मग इंकस्केप, मग एकदा फाइल मॅनेजरच. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी उघडल्या तर 'सेगफॉल्ट'च्या (मेमरीच्या चुकीमुळे प्रोग्रॅम कोसळल्याच्या) ओळी, आणि दर ओळीत वेगळ्याच प्रोग्रॅमचं नाव. एकच प्रोग्रॅम सारखा कोसळत असेल तर दोष बहुधा त्याचाच असतो. सगळेच आळीपाळीने कोसळू लागले की खाली हार्डवेअरकडे बघावं लागतं. त्यात अपडेट घेताना 'हॅश सम मिसमॅच', म्हणजे उतरवलेली फाइल मूळ फाइलशी जुळत नाही, असा इशारा येऊ लागला. नेट खराब असेल म्हणून एक मोठी आयएसओ फाइल मोबाइलच्या नेटवरून उतरवली आणि तिचा शा-२५६ चेकसम (फाइलच्या आतल्या माहितीवरून निघणारा, तिचा ठसाच म्हणावा असा आकडा) काढला. मशीन बंद करून, पुन्हा चालू करून त्याच फाइलचा चेकसम परत काढला, तर आकडा वेगळा. फाइलला कुणी हात लावला नव्हता. डिस्कवरची फाइल तीच असताना तिचा चेकसम बदलतो, तेव्हा ती वाचताना वाटेत कुठेतरी बिघडते आहे.

याच सुमारास छापखान्यातून फोन आला. एका पत्रिकेवरच्या गणपतीच्या चित्राचा खालचा अर्धा भाग बाजूला सरकून जांभळा झाला होता. जेपेग या चित्राच्या फाइलमध्ये एखादा बिट (म्हणजे एक शून्य किंवा एक) उलटला की त्यापुढचं चित्र असंच फिसकटतं. छपाई सुरू होण्याआधी लक्षात आलं म्हणून निभावलं. वधूपित्यांना ते कळलं असतं तर अपशकुनाचा ठपका माझ्यावरच आला असता, आणि तो कुठल्याही वॉरंटीत बसत नाही.

मी काय काय तपासलं ते सविस्तर लिहिते, कारण आपल्या सेवा केंद्राने ते वाचलेलंच नाही. हार्ड डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तिच्या तब्येतीची नोंद, काढला: बदललेले सेक्टर शून्य, प्रलंबित सेक्टर शून्य. क्रमांक १९९ ची नोंद, जी साटा केबल सैल किंवा खराब असली की वाढत जाते, तीही शून्य. डिस्क आणि केबल दोन्ही सुटल्या. प्रोसेसरचं तापमान काम करताना साठ-पासष्टच्या आसपास. बायोस, म्हणजे मशीन चालू होताना आधी चालणारी मूळ प्रणाली, कारखान्यातून आलं तसंच आहे, वेग वाढवायचा पर्याय त्यात मुळात नाहीच. मशीन यूपीएसवर चालतं.

मग मेमटेस्ट ८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरूनच मशीन सुरू केलं. हा प्रोग्रॅम चालतो तेव्हा लिनक्सही सुरू नसतं आणि विंडोजही नसतं. तो थेट मशीनवर चालतो, मेमरीच्या प्रत्येक पत्त्यावर ठरावीक नमुने लिहितो आणि परत वाचून जुळवतो. त्यात चुका आल्या. रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक आहेत. मग एकेक स्टिक एकटी लावून, दोन्ही स्लॉटमध्ये आलटून पालटून चाचणी घेतली. एक स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये रात्रभर निर्दोष चालली. दुसरी दोन्ही स्लॉटमध्ये चुकली, चुका पत्त्यांच्या त्याच पट्ट्यात, आणि दरवेळी एकच बिट: हवं शून्य, मिळतं एक. उकाड्यामुळे असेल म्हणून भल्या पहाटेही चाचणी घेतली. निकाल तोच. स्लॉट बदलला तरी चूक त्याच स्टिकबरोबर जाते, म्हणजे मदरबोर्डकडे बोट दाखवायलाही जागा उरली नाही. पडद्याचे फोटो जोडले आहेत, त्यात पत्ते, अपेक्षित आणि मिळालेल्या किमती स्पष्ट वाचता येतात.

कॅबिनेट उघडल्याने वॉरंटी गेली, असाही मुद्दा मधेच निघाला. आपल्याच माहितीपुस्तिकेत रॅम कशी काढायची आणि बसवायची हे आकृत्यांसह दिलेलं आहे. मी पुस्तिकेबाहेर काही केलेलं नाही.

आता आपल्या यंत्रणेने काय केलं ते.

हेल्पलाइनवरच्या मुलाने मला 'स्टार्ट' बटणावर क्लिक करायला सांगितलं. माझ्याकडे लिनक्स आहे म्हटल्यावर त्याने आधी विंडोज टाका, मग फोन करा, असा सल्ला दिला. त्याला दोष देत नाही, त्याच्यासमोर ठेवलेला कागदच तसा असणार. मग बायोस अपडेट करा म्हणाला. अपडेटची फाइल आपल्या संकेतस्थळावर आहे, पण फक्त विंडोजवर चालणारी. फ्रीडॉससह विकलेल्या मशीनसाठी! बायोसचं अपडेट पेन ड्राइव्हवरून थेट बायोसच्या आतूनच करू देणारे उत्पादक बाजारात कितीतरी आहेत. एलव्हीएफएस या सेवेवर फर्मवेअर (बायोससारखी मशीनमधली मूळ प्रणाली) ठेवलं की लिनक्सवरही ते नेहमीच्या अपडेटसारखं बसतं, आणि अनेक मोठे उत्पादक तसं करतात. आपण यांपैकी एकतरी सोय करावी, ही तक्रारीच्या ओघातली सूचना समजा.

सेवा केंद्रात मशीन टेबलावर ठेवताच पहिलं वाक्य आलं, "पूर्व भागातलं ना? माग असतात तिकडं, तंतू गेला असणार." तंतू उडतो हे खरंच आहे. म्हणूनच मी ब्लोअरने मशीन नियमित साफ करते, आणि तंतूने पंखा अडतो, रॅममधला एकच ठरावीक बिट अडत नाही. मग तंत्रज्ञाने दोन्ही स्टिक काढल्या, खोडरबराने पिना घासल्या आणि परत बसवल्या. खोडरबराचं मला वावडं नाही, पिनांवर थर बसला असेल तर त्याने फरक पडतोही. पण घासल्यावर निदान चाचणी तरी घ्यायची! बायोसमधली दोन-चार मिनिटांची झटपट तपासणी चालवली, ती पास झाली, आणि मशीन ठीक ठरलं. झटपट तपासणी मेमरीवरून वरवर हात फिरवते. माझ्या फोटोंतल्या चुका पूर्ण फेरीत दिसतात आणि तिला तासभर किंवा जास्त लागतो. तेवढा वेळ मशीन कोपऱ्यात चालू ठेवायला कुणाला शेजारी बसायचीही गरज नव्हती.

जॉबशीटवर दोन शेरे आहेत. एक, 'दोष आढळला नाही'. दुसरा, 'असमर्थित ऑपरेटिंग सिस्टिममुळे समस्या'. दोष नाही तर समस्या कसली, आणि समस्या आहे तर दोष नाही कसा, हे आपणच मला समजावून द्यावं.

लिनक्सवर खापर फोडायला त्यांनी वाय-फायचं निमित्त धरलं. वाय-फाय मध्यंतरी बंद पडलं होतं हे मीच त्यांना सांगितलं होतं. कर्नल बदलला आणि वाय-फाय कार्डाचं वेगळं घातलेलं ड्रायव्हर मॉड्यूल नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधलं गेलं नव्हतं. ते मी घरीच बांधून घेतलं आणि वाय-फाय सुरू झालं. तो सॉफ्टवेअरचा मामला होता, त्याबद्दल आपल्याकडे एका अक्षराचीही तक्रार नाही. सॉफ्टवेअरचा दोष कुठला आणि हार्डवेअरचा कुठला, हे मी घरबसल्या वेगळं काढू शकते, तर अधिकृत सेवा केंद्राला ते जमायला हरकत नव्हती.

यापुढचा प्रकार मात्र संतापजनक आहे. मशीन घरी आणून चालू केलं तर समोर विंडोज १०, आणि कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज'ची पाटी. मला न विचारता, माझी सही न घेता, हार्ड डिस्क पुसून परवाना नसलेली प्रणाली टाकली होती. ज्या विंडोज १० चा मोफत सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला, ती. माझ्याकडचं लिनक्स मिंट २२ हे २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणारं. यातली 'असमर्थित' कोणती?

त्याच संध्याकाळी त्यांनीच टाकलेलं विंडोज निळा पडदा दाखवून बंद पडलं. पडद्यावरचा संदेश होता 'मेमरी मॅनेजमेंट'. त्याचाही फोटो जोडला आहे. माझ्या बाजूने याहून भक्कम साक्षीदार मी शोधूनही आणला नसता.

"बॅकअप घेतला नव्हता का?" असं सेवा केंद्राने फोनवर विचारलं. घेतला होता, बाहेरच्या डिस्कवर, रोज. पण सदोष रॅमचा खरा उपद्रव तिथेच आहे. फाइल एका डिस्कवरून दुसरीवर जाते ती रॅममधून. रॅमने वाटेत एक बिट उलटला की बॅकअपमध्येही बिघडलेलीच प्रत जाऊन बसते, आणि कुठलाही इशारा येत नाही. फाइलचा आकार तोच, तारीख तीच, उघडेपर्यंत काही कळत नाही. उन्हाळ्यापासूनच्या बॅकअपमधल्या कोणत्या फाइली शाबूत आहेत हे ताडून पाहायला मूळ प्रती लागणार होत्या, आणि त्या होत्या नेमक्या आपल्या माणसांनी पुसलेल्या डिस्कवर. रॅम बिघडणं हा कारखान्यातला दोष, तो कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो. डिस्क पुसणं हे मात्र माणसाने हाताने केलेलं काम आहे आणि त्याची जबाबदारी आपल्याला टाळता येणार नाही. सध्या मी जुन्या पत्रिका एकेक उघडून, तेलुगू मजकूर छापील प्रतीशी ताडून पाहते आहे. लग्नसराईच्या तोंडावर हे काम अंगावर आलं आहे.

माझं मागणं असं आहे. जोडलेल्या फोटोंत जिचा अनुक्रमांक दिसतो, ती रॅमची स्टिक वॉरंटीखाली बदलून द्यावी. बदली स्टिकवर मेमटेस्टची किमान एक पूर्ण फेरी माझ्यासमोर चालवावी. जॉबशीटवरचा 'असमर्थित ऑपरेटिंग सिस्टिम'चा शेरा खोडून दुरुस्त प्रत द्यावी, कारण तो शेरा राहिला तर उद्या पॉवर सप्लाय जळला तरी मला तोच कागद दाखवला जाईल. हार्ड डिस्क कोणाच्या सूचनेवरून पुसली, याचा लेखी खुलासा हवा, आणि त्या नुकसानीची भरपाई कशी करणार हेही लेखी हवं. वॉरंटीच्या कोणत्या अटीत लिनक्स टाकल्यास हार्डवेअरची जबाबदारी संपते, ती अट पान क्रमांकासह दाखवावी. मी वॉरंटी कार्ड अथपासून इतिपर्यंत वाचलं आहे, मला ती सापडली नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि पाठोपाठ जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. आपलं मुख्य कार्यालय परराज्यात आहे म्हणून मी तिथवर येणार नाही, असं कुणी गृहीत धरू नये. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार दाखल करता येते. सोलापूरचा आयोग मला रिक्षाने जाण्याइतका जवळ आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी, दोन्ही याच कायद्यात येतात आणि माझ्याकडे दोन्हींचे कागद आहेत.

तोपर्यंत सदोष स्टिक काढून ठेवून मी एका स्टिकवर, आठ जीबीत काम चालवते आहे. लिनक्स मिंट पुन्हा टाकलं आहे. तेव्हापासून एकही प्रोग्रॅम कोसळलेला नाही आणि चेकसम दरवेळी जुळतात. सदोष स्टिक पाकिटात घालून जपून ठेवली आहे. ती फक्त पोचपावती देणाऱ्या माणसाच्याच हाती देईन.

कळावे.

आपली ग्राहक,
पूर्व भाग, सोलापूर

सोबत: बिल, वॉरंटी कार्ड आणि जॉबशीट यांच्या प्रती, मेमटेस्टचे व निळ्या पडद्याचे फोटो, हार्ड डिस्कचा स्मार्ट अहवाल.