कितवा नंबर?

ठाणे,
मंगळवार, रात्र

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचले हे फोनवर सांगितलंच. पण फोनवर तुम्ही दोघं स्पीकर लावून एकदम बोलता आणि माझं सांगायचं तसंच राहतं, म्हणून लिहायला बसलेय. शिवाय बाबा, रविवारी मी घाटातली शर्यत पळून आल्यावर जेवताना तुम्ही जे विचारलंत त्याचं मी नीट उत्तर दिलं नाही. नुसता भात कालवत बसले.

तुम्ही विचारलंत, "कितवा नंबर?" मी म्हटलं, बायकांत दोनशेच्या पुढं कुठंतरी, सगळ्यांत धरला तर हजाराच्याही पलीकडं. तुम्ही ताटातली चटणी बोटानं बाजूला सारलीत आणि म्हणालात, "म्हंजे पैसं भरून पळायचं, आन् नंबर येणार न्हाई हे आधीच ठावं?" आईनं तुमच्या पानात भाकरी वाढली आणि तो विषय तिथंच मिटला. माझ्या डोक्यात मात्र तो वाशीचा टोलनाका येईपर्यंत चालू होता.

तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. आपल्या साताऱ्यात पळणं म्हणजे भरती. पहाटे रस्त्याला लागलेली पोरं दिसली की आपण विचारतो, "पोलीस का मिलिटरी?" तिसरं काही असू शकतं हे कुणाच्या मनातच येत नाही. सोळाशे मीटर, हातात घड्याळ घेतलेला साहेब, छातीवर नंबर. त्या नंबरापायी घरादाराचं नशीब पालटतं, म्हणून पोरं जीव तोडून पळतात. मी तोच नंबर पैसे मोजून छातीवर लावून घेते आणि त्यातून मला नोकरी नाही, बक्षीस नाही, गुडघ्याला शेक तेवढा मिळतो. तुम्हाला ते खुळं वाटणारच.

पण एक आठवण करून देते. २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या शर्यतीच्या, फायनलला पळाली, तेव्हा तुम्ही गल्लीत पेढे वाटले होतेत. नंबर दहावा होता, बाबा. दहाव्या नंबरला पेढे! ती जगातली दहावी आणि मी यवतेश्वरच्या घाटातली हजारावी, हे मला कळतं. पण त्या दिवशी तुम्ही नंबराकडं बघून पेढे आणले नव्हतेत एवढं तरी कबूल करा.

आता माझं सांगते. आणि खरं सांगायचं तर सुरुवात मत्सरातून झाली. तीन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकीनं गळ्यात मेडल घातलेला फोटो ग्रुपवर टाकला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, लिफ्ट बंद पडली की दुसऱ्या मजल्यावर दम खाणारी बाई. तिला जमतं तर मला का नाही, एवढंच. तब्येत, मनःशांती वगैरे मी नंतर लोकांना सांगायला शिकले.

मग कळलं की खरी जादू मेडलात नाही, तारखेत आहे. आपल्या घरात परीक्षेची तारीख लागल्याशिवाय कुणी पुस्तक उघडलंय का? "उद्यापासून पळायचं" असं मी दहा वर्षं म्हणत होते. ज्या दिवशी फॉर्म भरला आणि खात्यातून पैसे गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी पावणेपाचला उठले. पैसे गेलेत म्हटल्यावर मी कशी उठते हे आईला वेगळं सांगायला नको, तिचीच लेक आहे. (बुटांची किंमत मी सांगणार नाही. आई, तुला झोप लागणार नाही.)

आमच्या इथं तलावपाळीला रविवारी जमणारा घोळका आहे, वीस-पंचवीस जणांचा. प्रत्येकाचं कारण निराळं. एक निवृत्त बँकवाले काका आहेत, त्यांचं सगळं शुगरच्या रिपोर्टभोवती फिरतं. रेस झाली की आठवड्यानं रक्त तपासतात आणि आकडा आम्हाला टायमिंगसारखा सांगतात. एक पोरगा निव्वळ फोटोसाठी येतो. फोटोवाला दिसला की त्याची मान वर, छाती पुढं, आणि फोटोवाला मागं पडला की चालायला लागतो. एकानं दारू सोडलीय. तो म्हणाला, "रविवारी पहाटे रेस असली की शनिवारची रात्र आपोआप सुटते. वर्षात बावन्न शनिवार असतात, ताई. मी रेसच्या तारखा मोजत नाही, शनिवार मोजतो." मी जे काही ऐकलं त्यात हे मला सगळ्यात पटलेलं कारण.

आणि शेजारच्या इमारतीतली एक आहे, शाळेत शिकवते. तिचं म्हणणं, एरवी पहाटे एकटी पळायला लागले की वॉचमनपासून कुत्र्यापर्यंत सगळे बघतात. पोरं गाडी हळू करून काहीतरी बोलून जातात. छातीवर नंबर असला की रस्त्याच्या मधोमध पळा, घाम पुसा, धापा टाका, कुणी वळून बघत नाही, उलट टाळ्या वाजवतात. ती बोलली आणि मला आठवलं, आठवीत शाळेच्या दोनशे मीटरला माझा दुसरा नंबर आला होता. दहावीनंतर मी कधी पळलेच नाही. तुम्ही बंद केलंत असं नाही, कुणीच केलं नाही. ओढणी आली आणि पळणं गेलं. बस चुकेल म्हणून जेवढं पळाले तेवढंच. मधे तीस वर्षं गेली.

आमच्या चिरंजीवांना मी पळते याचं नवल वाटतं. त्यानं मला अभ्यास शोधून दिले, कारण आजकाल आईच्या वेडाचाही कुणीतरी अभ्यास केलेला असतो. १९९३ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी मॅरेथॉनवाल्यांसाठी ५६ कारणांची यादी केलीय, प्रत्येक कारणाला एक ते सात गुण द्यायचे. मी इमानदारीत भरली. "इतरांना हरवणं" याला एक. "लोकांनी कौतुक करावं" याला पाच दिले, मग लाज वाटून चार केले. ठरवलेलं गाठणं याला सात. दुसरा एक अभ्यास म्हणतो की माणसं २९, ३९, ४९ अशा वयाला पहिली मॅरेथॉन पळायला निघतात, दशक संपत आलं म्हणून घाबरून. मला एकोणपन्नासावं चालू आहे म्हणून त्यानं तो मुद्दाम दाखवला. त्या आकडेमोडीवर पुढं बाकीच्यांनी आक्षेप घेतलेत, तेही मी शोधून त्याच्या तोंडावर मारलं.

पण एक गोष्ट वाचली आणि मी चपापले. मॅरेथॉन पूर्ण करायला लागलेल्या वेळेच्या जवळजवळ एक कोटी नोंदी कुणीतरी एकत्र मांडून बघितल्या. तर तीन तास, चार तास अशा गोल आकड्याच्या जरा आधी माणसांची ही गर्दी, आणि आकडा उलटला की एकदम पातळ. म्हणजे चार तासांच्या आत पोचायचं म्हणून माणसं शेवटी कुठून तरी जोर आणतात. तीन तास एकोणसाठ मिनिटांनी पोचलेल्याला आणि चार तास एका मिनिटाने पोचलेल्याला मेडल तेच, केळं तेच. तरी पळतात.

रविवारी मी काय केलं ते आता ऐका. आपली ही साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे घाटातली एकवीस किलोमीटरची शर्यत, २०१२ पासून चालू आहे, २०१५ साली तिचं नाव गिनीज बुकात गेलं तेव्हा तुम्हीच मला पेपरचं कात्रण पाठवलं होतंत. लहानपणापासून तो घाट मी गाडीच्या खिडकीतून पाहिलाय. पायानं चढताना तो दुसराच निघाला. समर्थ मंदिर मागं पडलं की चढ सुरू होतो आणि संपतच नाही. वळणामागून वळण, वर धुकं, पाठीत भुरभुर पाऊस, आणि पुढं नुसत्या पाठी. पाठीच पाठी. कुणी बोलत नाही, बुटांचा चप चप आवाज. एका वळणावर हलगी वाजत होती, तिच्या ठेक्यावर पन्नास पावलं जरा बरी गेली. एक म्हातारबाबा घोंगडं पांघरून कडेला उभे होते, ते प्रत्येकाला एकच सांगत होते, "आता उतारच हाय." उतार तिथून चार किलोमीटरवर होता.

नंबरच्या कागदामागं एक पातळ पट्टी असते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या पट्ट्यावरून पाय गेला की वेळ आपोआप नोंदली जाते. तुम्ही गर्दीत कितीही मागून निघा, तुमचं घड्याळ तुमच्या पावलापासून सुरू. तुमच्या एसटीच्या भाषेत सांगायचं तर जिथं चढलात तिथूनच टप्पा धरणार, डेपोपासून नाही. मला ते फार न्याय्य वाटतं. मी मनाशी दोन तास पंचेचाळीस धरले होते. गेल्या वर्षी तीन तासांच्या वर गेले होते.

खाली उतरून गावात शिरले तेव्हा मांड्या लाकडासारख्या झालेल्या. घड्याळात बघितलं, चालत गेले असते तर दोन सत्तेचाळीस. कुणाला फरक पडणार होता? तेवढ्यात तुमची निळी छत्री दिसली, आणि छत्रीखाली आई, अनोळखी माणसांना ओरडून सांगत होती, "पळा, पळा, आलंच की!" मला तर तिनं ओळखलंच नाही. मलाही तेच, "पळा, आलंच की!" अहो-जाहो करून. मी पळाले. कसं ते विचारू नका. पट्टा ओलांडला, कडेच्या गटारावर हात टेकून बसले, सकाळचा चहा बाहेर पडला. दोन तास चव्वेचाळीस मिनिटं बावन्न सेकंद. आठ सेकंद राखून.

आई, मग तू पदरानं माझं तोंड पुसलंस आणि पहिलं काम काय केलंस, तर माझ्या छातीवरच्या नंबरच्या चारही सेफ्टी पिना काढून बांगडीत अडकवल्यास. "कामाला येतात." तुझे तळवे लाल झाले होते. दोन तास कुणाकुणाला टाळ्या वाजवल्यास ते तुलाही माहीत नसेल. घरी येताना तू बारामतीच्या लताबाई करेंची गोष्ट काढलीस. साठी ओलांडलेल्या बाई, नऊवारीत, अनवाणी, नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून पळाल्या आणि पहिल्या आल्या. "पळायला असं कारण पायजे," म्हणालीस. खरंय. त्यांच्यापुढं माझं कारण उभं राहू शकत नाही, आणि त्यांच्यासारखं कारण कुणावर न येवो. मी पळते कारण माझ्यावर तशी वेळ नाही. हौसेला कारण लागत नाही हे तुला पटणं अवघड आहे, कारण तुझ्या आयुष्यात हौसेच्या वाटेला कधी रविवार आलाच नाही. तरी रविवारी दोन तास तू त्या छत्रीखाली काय करत होतीस? त्या माणसांशी तुझं काय देणंघेणं होतं?

बाबा, तुम्ही वारीला जाता तेव्हा कुणी नंबर विचारत नाही, दिंडीत पैसेही भरावे लागतात, असा मुद्दा मला वाटेत सुचला होता. मग माझाच मला पटला नाही. तुम्ही वाटेत भेटेल त्याच्या पाया पडता, आणि आम्ही पोचल्यावर आधी घड्याळ बंद करतो. तेव्हा तो राहू दे.

शेवटचं एक आहे. ते तोंडावर विचारायचा धीर झाला नाही. गेल्या दिवाळीत आत्यानं मला सांगितलं की बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही पोलीस भरतीला गेला होतात. अनवाणी पळालात, आणि थोडक्या सेकंदांनी गेलं. मग एसटीत लागलात. घरी हे कधी निघालं नाही. मी आठ सेकंद राखून आले असं सांगितलं तेव्हा तुम्ही जेवता जेवता थांबलात, ते मी बघितलं. तेव्हा मला वाटलं, तुम्ही माझ्यावर चिडलाय. आता तसं वाटत नाही.

त्या दिवशी तुमचं टायमिंग किती होतं? तुम्हाला आठवत असणार, सेकंदासकट. रविवारी फोन कराल तेव्हा स्पीकर न लावता मला एकटीला सांगा.

मेडल खुंटीला तुमच्या जुन्या शिट्टीशेजारी अडकवून आलेय, काढू नका. आईच्या गुडघ्याच्या गोळ्या पाठवल्यात, जेवणानंतर घ्यायला सांगा. निळ्या छत्रीची एक काडी तुटलीय, तेवढी बदलून घ्या.

तुमची,
सुमी