क्रियापद खेळाडूच्या हाती हवे

संपादक महोदय,

व्हिडिओ गेममधील कथाकथनावर लिहिताना जुन्या मजकुरी साहसखेळांची बोळवण 'तेव्हा चित्रे नव्हती म्हणून शब्दांवर भागवले' अशी केली जाते. हे अन्यायाचे आहे. त्या खेळांत खेळाडू स्वतःचे वाक्य टाइप करी आणि कथेला त्याचे उत्तर द्यावे लागे. आजच्या मोठ्या खेळांतून नेमके हेच गेले आहे.

इन्फोकॉम या अमेरिकी कंपनीचा १९८२ मधील मजकुरी खेळ 'डेडलाइन' घ्या. खुनाचा छडा लावायला खेळातले १२ तास मिळतात. साधारणपणे एका आज्ञेला एक मिनिट जाते. दुपारी बाराला मृत्युपत्र वाचले जाते, तुम्ही तिथे असा वा नसा. घरातली माणसे आपापल्या वेळेने हिंडत राहतात. हे सगळे फ्लॉपीवर मावावे म्हणून तीन अक्षरे दोन बाइटांत कोंबलेली, शब्दकोशात शब्दाची पहिली सहाच अक्षरे, आणि अख्ख्या खेळाला १२८ किलोबाइटची मर्यादा. जे मावले नाही, उदाहरणार्थ जबान्या, ते छापून खोक्यात घातले.

खेळाडूने भलतेच काही करून पाहिले तर मजकुरी खेळाच्या लेखकाला एक वाक्य पुरते. आज त्याच कृतीला ॲनिमेशन, नटाचा आवाज आणि अनेक भाषांतली भाषांतरे लागतात, म्हणून क्रिया मोजक्या बटणांवर येऊन थांबतात. 'डिस्को एलिझियम'मध्ये (२०१९) सुमारे दहा लाख शब्द आहेत आणि लेखन अव्वल आहे. तरी उत्तर यादीतूनच निवडायचे. यादीत वाचलेली युक्ती आपल्याला सुचलेली नसते.

जुन्यांचे दोषही मोठे होते. 'झॉर्क'मध्ये कंदिलाची बॅटरी संपे आणि अंधारात जीव जाई. १९८४ च्या 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी'मध्ये आरंभी कुत्र्याला सँडविच दिले नाही, तर खेळ खूप पुढे जाऊन अडतो. ही कोंडी नव्या खेळांनी बहुतांशी सोडवली, हे मान्यच.

मराठीत असा खेळ लिहिता येईल, आणि महाविद्यालयांतील मराठी व संगणक विभागांनी तो एकत्र हाती घ्यावा. 'उघड', 'घे', 'ठेव' ही आज्ञार्थी रूपे म्हणजे मूळ धातूच, त्यामुळे क्रियापद ओळखणे सोपे. नाम अवघड. 'कंदिलाने' यातून 'ने' काढला तर 'कंदिला' उरते, 'कंदील' नव्हे. म्हणून प्रत्येक वस्तूसोबत तिचे सामान्यरूपही नोंदवावे लागते. 'किल्लीने दार उघड' आणि 'दार किल्लीने उघड' दोन्ही चालायला हवीत, तेव्हा वस्तूची भूमिका शब्दक्रमावरून न ठरवता प्रत्ययावरून ठरवावी. तुलनेआधी ऱ्हस्व-दीर्घ एकच धरावेत, नाहीतर 'कंदिल' लिहिणारा पहिल्याच खोलीत अडकेल. 'ऱ्या' हे जोडाक्षर दोन प्रकारे टाइप होते, तेही एकसारखे करून घ्यावे. मजकुरी खेळ लिहिण्याचे 'इन्फॉर्म ७' हे साधन मोफत आहे, पण त्याची घडण इंग्रजी वाक्याची. मराठीसाठी पायथॉन या संगणकभाषेत आज्ञेचे वाक्य फोडून समजून घेणारा छोटा विश्लेषक लिहिणे बरे.

वर्णनात आलेले प्रत्येक नाम खेळाला कळलेच पाहिजे. भिंतीवर खुंटी आहे असे सांगायचे आणि 'खुंटी बघ' म्हटल्यावर 'हा शब्द माहीत नाही' असे उत्तर द्यायचे, तिथे खेळाडूचा विश्वास उडतो. पाच-सहा जणांना खेळायला देऊन त्यांच्या आज्ञांची नोंद ठेवावी, आणि खेळाने नाकारलेला एकेक शब्द शब्दकोशात भरत जावा.

– एक वाचक