माईंच्या रुमालाबद्दल विचारायचंय

प्रिय सखे,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. फोनवर बोलायला घेतलं असतं तर तू मध्येच रडली असतीस नाहीतर विषय बदलला असतास, आणि मला हे एका दमात सांगायचंय. इतके दिवस काही कळवलं नाही, त्याचा राग नंतर काढ. प्रकृती बरी आहे. संध्याकाळी मनगट ठणकतं, शेक घेते.

ठणकतं ते विणून विणून. ऑक्टोबरभर रोज एक नग विणून पुरा करीन असं मी सगळ्यांना जाहीर सांगितलंय. हा स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृतीचा महिना, म्हणून ऑक्टोबर. आणि विणतेय काय, तर ज्यांचा स्तन शस्त्रक्रियेत काढावा लागला त्यांच्यासाठी सुती स्तन. नेहमीच्या ब्रामध्ये ठेवायचा, आत मऊ भरण. नग बायकांना फुकट द्यायचे. नग पुरा झाला की मी आमच्या गटावर फोटो टाकते, आणि ज्यांनी नगामागे पैसे द्यायचा शब्द दिलाय ते आपापली रक्कम थेट मदत करणाऱ्या संस्थेच्या खात्यात भरतात. ते पैसे तपासणी आणि उपचार न परवडणाऱ्यांसाठी. माझ्या हातात एक पैसा येत नाही, हे बरंच आहे. हिशेबात तू माझ्यापेक्षा नेहमीच तरबेज.

ही कल्पना मूळ माझी नव्हे. अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट म्हणून एक बाई आहेत. २०११ साली त्यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांच्या मैत्रिणीने त्यांना असे विणून दिले. मग त्यांनी संस्थाच काढली आणि विणायची रीत सगळ्यांना मोफत खुली केली. मैत्रिणीने विणून दिले, हे वाचलं आणि मी सुया शोधायला उठले.

लोकर चालत नाही बरं का. व्रणाची कातडी हुळहुळी असते, तिला लोकर टोचते, म्हणून मऊ सूत. आणि सूत अजिबात ताणत नाही, सगळा ताण मनगटावर येतो. दोन्हीकडे टोकं असलेल्या सुयांवर गोल विणायचं, मध्याकडे टाके कमी करत जायचं. एक सुई संपून दुसरी सुरू होते तिथला पहिला टाका ओढून घ्यावा लागतो, नाहीतर तिथे शिडीसारखी फट पडते. तुझ्या हाताला हे आपोआप जमलं असतं. तुझे टाके इतके घट्ट, की त्या निळ्या स्वेटरच्या बाहीत तुझ्या दादाचा हात अडकला होता आणि माई हसून हसून खाली बसल्या होत्या! ‘नमुना चुकीचा होता’ हे तुझं म्हणणं मला अजूनही मान्य नाही. सुताची टोकं मात्र मी आत खोल लपवते, गाठ ठेवत नाही. पाठीमागून थोडं उघडता येतं. भरण काढायचं-घालायचं जिचं तिने ठरवायचं. सिलिकॉनचे असतात ते जड, उन्हाळ्यात त्यांनी घाम येतो. हा हलका, धुतला की वाळतो.

आता मुद्द्याचं. पहिल्याच दिवशी मी सरळ लिहिलं, ‘स्तन विणते आहे.’ वहिनींचा लगेच फोन. ‘चार लोकांत असं लिहितात का? विणकामाच्या वस्तू म्हण, पैसे तेवढेच येतील.’ तेवढेच काय, जास्तच आले असते, हे मलाही कळतं. दोन-तीन जण गटातून मुकाट बाहेर पडले. काहींनी पैसे भरले, पण ‘माझं नाव घालू नका’ म्हणाले. मी सगळ्यांना सांगितलं की २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे २३ लाख बायकांना हा आजार झाल्याचं निदान झालं. आकडा सगळ्यांनी ऐकून घेतला. शब्दाला तेवढे अडखळले. दोन रात्री मी याच विचारात होते, की पैसे महत्त्वाचे की शब्द. पैशांनी कुणाची तरी तपासणी वेळेत होईल, मग मी एका शब्दासाठी का अडून बसावं?

आणि मग एका बाईंचा फोन आला. आपल्या दोघींच्या ओळखीतल्या, नाव नाही लिहीत. शस्त्रक्रिया होऊन त्यांना किती वर्षं झाली, घराबाहेर कुणाला पत्ता नाही. हळू आवाजात म्हणाल्या, ‘मला एक देशील? उजव्या बाजूचा. मी रुमालाची घडी ठेवते, पण ती सरकते गं. हात वर करायची भीती वाटते.’

सखे, मी फोन धरून नुसती उभी राहिले. प्रत्येक फोटोत माई उजवा हात छातीशी दुमडून उभ्या आहेत. आपण त्याला माईंची ऐट म्हणायचो! कपाट आवरताना ती चौपदरी घडी निघाली, टाचण्यांच्या गंजाचे डाग पडलेली, आणि तू ती माझ्या हातातून ओढून घेतलीस. केवढ्या भांडलो आपण त्यावरून. तू म्हणालीस, ‘हे आमच्या घरातलं आहे.’ तेव्हा मला ते लागलं होतं. आज वाटतं, तुझा हक्कच होता तो.

म्हणून हक्क तुझा धरूनच विचारते. माईंची गोष्ट मी लिहू का? नाव नको, नातं नको, फक्त रुमाल आणि टाचण्या. ‘वस्तू’ असं लिहिलं असतं तर त्या बाईंना मी काय विणतेय हे कळलंच नसतं. तशा अजून किती असतील. त्यांच्यापर्यंत पोहोचेल असं माझ्याकडे या एका गोष्टीपलीकडे काही नाही. तू नाही म्हणालीस तर अक्षर लिहिणार नाही, आणि कारणही विचारणार नाही. शब्द मात्र बदलणार नाही, वहिनी काहीही म्हणोत.

धाकटीची परीक्षा कशी झाली? नव्या घराच्या भिंतीची ओल गेली का? भावजींना नमस्कार सांग, आणि तूही तपासणी करून घे. गेल्या वर्षी ‘पुढच्या महिन्यात’ म्हणाली होतीस. मी विसरलेले नाही.

येत्या रविवारपर्यंत कळव. एका ओळीत उत्तर दिलंस तरी चालेल.

तुझीच

ता. क. माईंच्या बारीक सुयांचा जोड तुझ्याकडे असेल तर पाठवशील? माझ्यातली एक वाकलीय. आणि मन झालं तर सुयांबरोबर तू विणलेला एखादा नगही पाठव, रीत मी सोबत लिहून जोडलीय. घट्ट टाके इथे हवेच असतात.