तिसऱ्या मजल्यावरच्या सिगारेटबद्दल, चौथं पत्र

मा. अध्यक्ष साहेब,

नमस्कार. आधीच्या तीन पत्रांची पोच रजिस्टरमध्ये आहे, उत्तर एकाचंही नाही. पार्किंगमध्ये कोणी स्कूटर आडवी लावली की दहा मिनिटांत ग्रुपवर फोटो येतो, हे मात्र वर्षभर तसंच चाललंय.

302 चे काका जेवण झालं की जिन्याच्या खिडकीत सिगारेट पेटवतात, घरात काकू ओढू देत नाहीत म्हणून. ती खिडकी आमच्या दारापासून चार पावलांवर, आम्ही दाराखाली ओला टॉवेल लावून झोपतो. थोटकं माझ्या बायकोच्या गवती चहाच्या कुंडीत, परवा सतरा काढली. 304 च्या वहिनींनाही त्रास होतो, फक्त त्या लिहून देणार नाहीत.

सेक्रेटरी म्हणाले, वास येतो तर दार लावा. अहो, प्रश्न वासाचा नाहीये. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसच्याच गटात, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, टाकलाय, आणि न ओढणाऱ्याला घरात किंवा कामावर तो रोज मिळाला तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका 20 ते 30 टक्क्यांनी वाढतो. मुंबईची हवाच खराब आहे म्हणता, बरोबर, 2013 पासून तीही त्याच गटात आहे, मग त्यात आणखी भर कशाला?

माझा मोठा भाऊ कधी सिगारेटला शिवला नाही. खोकला लागला, आम्ही म्हटलं हवा बदललीय. मग वजन उतरलं, आवाज बसला. आमच्या डॉक्टरांनी टीबी धरून औषधं चालू केली, थुंकीच्या रिपोर्टमध्ये काही निघालं नव्हतं तरी, त्यात पाच महिने गेले. एक दिवस रुमालावर रक्त दिसलं तेव्हा परळला टाटाला नेलं, सीटी झाला, बायोप्सी झाली, फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज.

म्हणून सांगतो, काकांचा खोकला दोन महिने भिंतीतून ऐकतोय मी, पहाटे पाचला. आवाज घोगरा झालाय, जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबतात. चाळीस वर्षं रोजचं पाकीट, हे ते स्वतःच सांगतात. सिगारेटवाल्याला खोकला असायचाच म्हणून सोडून देतात, पण तीन आठवड्यांवर गेलेला किंवा एकदम वेगळा वाटायला लागलेला खोकला, लागणारा दम, खांद्यात-छातीत दुखणं, परत परत होणारं इन्फेक्शन, ह्यातलं काहीही असलं तरी डॉक्टरकडे जाऊन छातीचा एक्स-रे काढायला हवा. मी सांगायला गेलो तर तोंडावर दार लावलं.

2003 च्या कायद्याने सार्वजनिक जागी ओढलं तर 200 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि जिना सगळ्यांचा आहे, मेंटेनन्स आम्हीही भरतो. बोर्ड लावा, 302 ला लेखी नोटीस द्या. आणि तुम्ही रोज सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जाता, तुमचं ते ऐकतात, तर ह्याच आठवड्यात त्यांना छातीच्या डॉक्टरकडे घेऊन जा. रविवारच्या मीटिंगला हा विषय पहिला घ्या, उत्तर ह्या वेळी लेखी हवंय.

आपला,
303, बी विंग