हरल्यावर खेळ काय करतो

सातारा, रविवार दुपार

चि. अनय यास,
अनेक आशीर्वाद.

टीव्हीखालच्या खणातली तुझी व्हिडिओ गेमच्या यादीची चिठ्ठी मिळाली. "सगळे खेळून बघ आणि खरं काय वाटलं ते लिही, नुसतं छान आहे म्हणू नकोस," असं बजावून गेला आहेस, म्हणून हा कागद घेतला. फोनवरही सांगता आलं असतं, पण दुसऱ्याच वाक्याला तू "अगं आई, तो बॉस तसा मारायचाच नसतो" म्हणून सुरू होतोस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

ग्राफिक्सबद्दल माझ्याकडून काही ऐकायला मिळणार नाही. गवत वाऱ्यावर हलतं, दाढीचा केस न् केस मोजता येतो, याचं कौतुक मला चार दिवस वाटतं आणि पाचव्या दिवशी ते दिसेनासं होतं. मी कुठल्याही कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळाच्या यंत्रावर, एकच गोष्ट बघते. आपण मेलो की पुढच्या क्षणी खेळ काय करतो? खेळाचा स्वभाव मला तिथे कळतो.

ही खोड लहानपणची. मिरजेला आमच्याकडे 'टीव्ही गेम' होता. जपानात १९८३ साली निघालेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची ती नक्कल होती, हे खूप नंतर कळलं. तेव्हा कोण विचारतंय? कॅसेटवर '९९९९ इन १' छापलेलं असायचं आणि आत तेच पाच-सात खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. कॅसेटला फुंकर मारायची गोष्ट प्रत्येक जण सांगतो, ती मी सोडून देते.

त्यातला बदकांचा खेळ, डक हंट, तुला माहीत आहे. त्याबरोबर प्लास्टिकची बंदूक यायची. नेम चुकला की गवतातून कुत्रा वर यायचा आणि तोंडावर हात ठेवून हसायचा. म्हणजे खेळ सरळ सरळ खिजवायचा, आणि त्या कुत्र्याला गोळी लागायची नाही! तुझ्या मामाने चिडून बंदूकच उघडली. आत एक भिंग आणि उजेड ओळखणारा बारीकसा भाग, बाकी पोकळ. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि तो उजेड समोर दिसला का एवढंच बंदूक तपासते. गोळी कुठे जातच नाही. जुन्या डबा टीव्हीवर चित्र ज्या वेळेला उमटायचं, त्याच्याशी त्या बंदुकीचा हिशोब जुळवलेला होता, म्हणून आपल्या आत्ताच्या सपाट टीव्हीवर ती चालत नाही. पाचवीत असताना तू ती घेऊन संध्याकाळभर झटत होतास.

मारिओचा स्वभाव वेगळा. १९८५ चा खेळ, पण शिकवणारा त्याच्याइतका चांगला मला अजून भेटलेला नाही. पहिलाच पडदा आठव. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे सगळं मोकळं, म्हणजे कुठे जायचं ते सांगावं लागत नाही. समोरून ते तपकिरी, भुवया चढवलेलं ध्यान चालत येतं. त्याला लागलास तर मेलास. पुढच्या वेळी उडी मारतोस, डोकं वरच्या ठोकळ्याला लागतं, आतून मशरूम निघून उजवीकडे घरंगळत जातो. आता भीती अशी की हाही मारणार. पण तो पुढच्या पाइपाला आपटून परत तुझ्याकडेच येतो, वर ठोकळ्यांचं छत असल्यामुळे उडी मारून चुकवणंही अवघड, आणि अंगाला लागतो तर मारिओ मोठा होतो. एक अक्षर न लिहिता मारिओ बनवणारे मियामोतो आणि त्यांच्या माणसांनी शत्रू कोण, मित्र कोण, उडी कशासाठी, सगळं अर्ध्या मिनिटात समजावलं. मेल्यावर छोटीशी धून, की पुन्हा उभं. तीन लाईफ संपल्या की मात्र थेट पहिल्या स्टेजला. त्यातही सुरुवातीच्या पडद्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबलं तर जिथे मेलो त्या वर्ल्डपासून खेळता येतं, हे मला गेल्या वर्षी कळलं. इतकी वर्षं आम्ही पहिल्यापासून खेळत होतो!

कॉन्ट्रा हा आमच्या घरातला खरा भांडणाचा विषय. दोघं मिळून खेळायचं, गोळी लागली की एका झटक्यात मेलो. तिसरी स्टेज धबधब्याची, वर वर चढत जायचं. जो पुढे जाईल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला पडद्याच्या कडेला गेला की मरतो. शत्रूची गरज नाही, भाऊ पुरतो. मामा आधी उडी मारायचा, मी खाली. "थांब ना रे दादा!" म्हणेपर्यंत माझी लाईफ गेलेली. आजी आतून ओरडायची की बंद करा ते. वर वर खाली खाली, डावं उजवं डावं उजवं, बी ए, हा मंत्र मला शाळेतल्या मैत्रिणीने दिला, तीस लाईफ मिळायच्या. तो कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी आधी ग्रेडियस नावाच्या खेळात घातला होता, कारण १९८६ साली तो खेळ तपासताना त्यांना स्वतःलाच तो पार होत नव्हता. बनवणाऱ्यालाही जमत नव्हतं, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर फार बरं वाटलं असतं.

हे खेळ इतके निर्दयी का, त्याला साधं कारण आहे. अनेक खेळांचं मूळ नाण्यांवर चालणाऱ्या मशीनमधलं. माणूस लवकर मेला तरच दुसरं नाणं पडणार. घरी नाणं घालायचं नव्हतं, तरी तीन लाईफची रीत तशीच राहिली. त्यात आमच्या कॅसेटवर सेव्हची सोय नव्हती. सातव्या स्टेजला पोचावं आणि लाईट जावी. घरात कुणीच काही बोलायचं नाही.

पीएस टू, म्हणजे प्लेस्टेशन टू हा कन्सोल, आपल्याकडे आला तेव्हा तू बालवाडीत होतास, मामाचा वापरलेला. जगात तो १५ कोटींहून जास्त विकला गेला म्हणतात. निदान आपल्या गल्लीत तरी प्रत्येक दुसऱ्या घरात होता. त्यावरचा एकच खेळ सांगते, शॅडो ऑफ द कोलोसस, २००५ चा. ओसाड माळ, एक घोडी आणि सोळा राक्षस, बस्स. वाटेत किरकोळ शत्रू नाहीत, गावं नाहीत, दुकानं नाहीत. चालत्या डोंगराएवढ्या त्या प्राण्याच्या केसांना धरून वर चढायचं. आर वन बटण दाबून ठेवायचं, सोडलं की खाली. पडद्याच्या कोपऱ्यातलं ताकदीचं वर्तुळ लहान होत जातं, प्राणी अंग झटकतो, आणि इकडे माझं खरं बोट वळून आलेलं असतं. ते दुखणं त्या खेळातलं सगळ्यात खरं चित्र आहे. हरलो तर फारसं काही होत नाही. जिंकल्यावर होतं. प्राणी हळूहळू कोसळतो, वाजतं ते दुःखाचं संगीत, आणि त्याच्या अंगातून निघालेले काळे धागे येऊन तुझ्याच अंगात घुसतात. तू सोफ्यावर बसून विचारलं होतंस, "आई, त्याने आपल्याला काय केलं होतं?" त्याने काहीच केलं नव्हतं, बाळा. पुढचा मारायला मी दोन दिवस बसले नाही.

निन्टेन्डोच्या 'वी' या कन्सोलबद्दल थोडक्यात. आत्याकडे सिंगापूरला खेळलो तेवढंच. आजोबांनी खुर्चीत बसून बोलिंगमध्ये सगळ्यांना हरवलं. मजा आली, पण दुसऱ्यांदा खेळावंसं वाटलं नाही.

आता तुझी यादी.

निन्टेन्डोच्या 'स्विच' कन्सोलवरचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड मला आवडला, पण तुला वाटतं त्या कारणासाठी नाही. लढाईत तलवारी मोडतात आणि कड्यावर अर्ध्यात पोचलो की नेमका पाऊस येतो, हात घसरतात. हा पाऊस ज्याने घातला त्याला एकदा ठोसेघरच्या घाटात जुलैत गाडी चालवायला लावली पाहिजे. पण स्वयंपाक! कढईत पाच जिन्नस टाकायचे, खालून आच, आणि तो लिंक, खेळाचा नायक, गुणगुणत उभा. किडे आणि राक्षसांची शिंगं एकत्र केली तर काढा होतो, त्यातच सफरचंद टाकलं तर असं काही होतं की खेळ ते झाकून चौकोन चौकोन करून दाखवतो. दगड घालून शिजवलं तरी फेकत नाहीत, खाता येतं, जीव मोजायच्या बदामांपैकी पाव बदाम भरून निघतो. चुकलेल्या स्वयंपाकालाही काही किंमत देणारा खेळ मी पहिल्यांदा बघितला.

सेलेस्ट, २०१८ चा. तुझ्या चिठ्ठीत त्याच्यापुढे तीन उद्गारचिन्हं होती, ती बरोबर आहेत. चित्रं आमच्या कॅसेटच्या काळातली, आणि अवघड इतका की कॉन्ट्रा बरा. पण मेलीस की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्याच पडद्यावर उभी. काही हिसकावून घेत नाही. मध्येच एक पोस्टकार्ड येतं, त्यावर लिहिलेलं, की किती वेळा मेलात त्याचा अभिमान बाळगा, जितकं मराल तितकं शिकत आहात. माझा आकडा मी तुला सांगणार नाही. बाबा मागून येऊन बघतात आणि "अजून त्याच खड्ड्यात?" म्हणतात.

गॉड ऑफ वॉरचा २०१८ चा भाग मी पुरा केला. बायकोची राख घेऊन बापलेक डोंगर चढतात, कॅमेरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठे तुटत नाही, आणि बाप मुलाला बहुतेक वेळा 'बॉय' एवढीच हाक मारतो. आपल्याकडेही असे बाप पाहिलेत. पण २०२२ चा रॅग्नारॉक मी अर्धा सोडला. कोडं समोर आलं, मी अजून इकडेतिकडे बघतेय, तोवर पोरगा उत्तर सांगून मोकळा. तो गप्प बसला तर बापाच्या कमरेला लटकवलेलं, मिमीर नावाच्या सोबत्याचं बोलकं मुंडकं बोलतं. अरे, मला जरा चुकू दे की! शेजारी बसून हातातला कंट्रोलर ओढणारा मुलगा घरात होताच, तो बंगळुरूला गेला तर खेळात दुसरा हजर.

एल्डन रिंगबद्दल मला वाटलं होतं, हे काही माझं काम नाही. दारातून बाहेर पडले तर समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार. त्याने मला चिरडलं. तू मेलास, अशी अक्षरं पडदाभर. कमावलेले रून, म्हणजे त्या खेळातले पैसे, जिथे पडलो तिथेच, आणि ते उचलायच्या आत पुन्हा मेलो तर कायमचे गेले. अगदी आमचा जुना जमाना. पण त्याला वळसा घालून खुशाल पुढे जाता येतं, हे कुणीही सांगत नाही, आपणच कधीतरी कंटाळून उजवीकडे वळतो. आणि जमिनीवरचे ते रक्ताचे डाग! हात लावला की दुसऱ्या कुणा खेळाडूचं लाल भूत उठतं, धावतं, कड्याच्या टोकाला जाऊन उडी मारतं आणि नाहीसं होतं. बहुतेक खाली काहीतरी असेल असं त्याला वाटलं असणार. अशी भुतं बघत मी तासभर घालवला, रात्री वरणाला खालून लागलं.

राहता राहिला राजी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवर आला. आपल्याकडच्यांनी केला म्हणून हात राखून लिहू? लढाई अडखळते, कॅमेरा नको तिथून दाखवतो, आणि गोष्टीने वेग घेतला न घेतला तोच खेळ संपतो. मला राग आला. पण भिंतीवरची चित्रं, सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली गोष्ट, आणि दुर्गा आणि विष्णू वरून बघत आपसात त्या पोरीबद्दल बोलतात, ते मी दोनदा ऐकलं. राखीपौर्णिमेला भाऊ हरवलेली डोंबाऱ्याची मुलगी त्रिशूळ घेऊन खांबावर सरसर चढते, हे मी मिरजेत अकराव्या वर्षी बघितलं असतं तर मामाला धबधब्यावर ढकलून दिलं असतं.

मेसचं जेवण कसं आहे ते लिहीत नाहीस, म्हणजे वाईट असणार. भाजणीचं पीठ आणि मेतकूट पाठवते आहे, लेबल लावलंय, मागच्यासारखं मित्राला मेतकुटाच्या थालीपिठाचा प्रसाद देऊ नकोस. दिवाळीला मामा येतोय. कॉन्ट्राचा जुना संग्रह स्विचवर उतरवून ठेवलाय, त्यात कुठेही सेव्ह करता येतं. मी मामाला ते सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. तिसऱ्या स्टेजला मी वर असणार आहे.

तुझी,
आई

ता. क. पांढऱ्या कंट्रोलरची वायर तुझ्या बॅगेत गेली आहे. येताना आण.