पाडवा ते पाडवा

कोल्हापूर,
१४ एप्रिल २०२४

ती. बाबा व आई यांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि आई अर्धं ऐकून "बरं बरं, जेवलीस न्हवं?" म्हणते आणि फोन ठेवते. म्हणून लिहितेय. आई, हे मोठ्यानं वाच. मधेच माझ्यावर चिडावंसं वाटलं तर बाबांनाही तेवढा वेळ दे.

माझा लॅपटॉप बिघडला. मी ठणठणीत आहे, नोकरी शाबूत आहे, पैसे नकोत. पण त्यात आपले फोटो होते.

बाबा, उद्यमनगरात तुम्ही ३२ वर्षं लेथवर काढलीत, म्हणून तुम्हाला आवाजापासूनच सांगते. मार्चअखेरची हिशेबाची धावपळ उरकून १ एप्रिलला लॅपटॉप उघडला. सुर्र करून फिरायला लागला, मग टक्. जरा थांबून परत टक्, टक्. पडद्यावरचा बाण जागच्या जागी गोठलेला. मला वाटलं, बेअरिंग गेलं. तुम्ही स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवून मूठ कानाला लावायचात, तसा मी लॅपटॉपला कान लावला. हसू नका. बेअरिंग नव्हतंच.

लॅपटॉपमध्ये सगळं साठवून ठेवणारी डिस्क असते, तिच्या आत आरशासारखी तबकडी असते. तुमच्या लेथचा चक मिनिटाला हजार-बाराशे फेरे घ्यायला लागला की तुम्ही मला मागं सरकवायचात. ही तबकडी ५४०० फेरे घेते. तिच्यावरचं वाचणारं टोक, म्हणजे हेड, तबकडीला टेकत नाही, वर तरंगतं. किती वर? तुमच्या मायक्रोमीटरवरचं एक घर म्हणजे १० मायक्रॉन. त्यातल्या एका मायक्रॉनचे हजार भाग करा आणि चार-पाच उचला. एवढ्याशा फटीतून ते वाचत असतं. जागा सापडली नाही की टोक मूळ ठिकाणी परत जातं आणि नव्यानं येतं. तो टक् त्याचाच. तुम्ही आत्ता काय म्हणाल ते मला माहीत आहे: एवढा बारीक टॉलरन्स आणि वॉरंटी एकच वर्ष?

तर वॉरंटी. लॅपटॉप आपण पाडव्याला घेतला, २२ मार्च २०२३ ला, आईनं त्याला साखरेची माळसुद्धा घातली होती. वॉरंटी २१ मार्चला संपली. बिघाड १ एप्रिलचा. अकरा दिवस! आणि आई, यंदाचा पाडवा होता ९ एप्रिलला. गेल्या वर्षी अधिक श्रावण आला होता ना, त्यामुळे पाडवा ते पाडवा ३८४ दिवसांचं वर्ष झालं. तुझ्या हिशेबानं माझं वर्ष अजून भरलंच नव्हतं. हे मी सर्व्हिस सेंटरमधल्या पोरीला खरंच सांगितलं. ती गोड हसली आणि म्हणाली, "मॅडम, बिलावर इंग्रजी तारीख आहे."

दुकानदार दोन वर्षांची जादा वॉरंटी देत होता, बाबा "घे" म्हणत होते, मी "कशाला उगाच" म्हटलं होतं. ते आता उगाळू नका. मी डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर नंबर टाकूनही पाहिला. लॅपटॉपबरोबर आलेली डिस्क आमच्याकडे नाही, लॅपटॉपवाल्यांकडे जा, असं उत्तर. रात्रभर चरफडत होते. सकाळी डोकं थंड झाल्यावर लक्षात आलं की वॉरंटी असती तर त्यांनी डिस्क नवी दिली असती आणि जुनी ठेवून घेतली असती. फोटो कुणीच देणार नव्हतं.

फोटो कुठले, ते आईला आठवत असेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीतल्या घरात कमरेएवढं पाणी होतं, पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची खूण कधीच मागं टाकून गेली होती, आणि खालच्या कप्प्यातले दोन्ही अल्बम लगदा झाले होते. त्यातले सुटे करता आले तेवढे आपण माळ्यावर सुतळीला चिमटे लावून वाळवले. मी एकेकाचा मोबाइलवर फोटो घेतला. ४१२. मग ते चिकटलेले, बुरशी आलेले कागद आई फेकायला तयार नव्हती आणि मीच म्हणाले, "टाक गं, आता सगळं मोबाइलवर आहे." पुढं तो मोबाइल बदलला. नव्या लॅपटॉपवर सगळं चढवलं आणि जुन्यातलं पुसलं. म्हणजे पुरातून वाचलेले ते ४१२ फोटो जगात एकाच तबकडीवर होते, आणि ती टकटक करत होती.

त्यात मी आणखी शहाणपणा केला. विंडोजमध्ये डिस्क दुरुस्त करायची सोय असते, ती लागोपाठ तीनदा चालवली. ऑफिसातला एक जण म्हणाला, डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. ते मात्र नाही केलं. बाहेर काढल्यावर आत दव धरलं तर उरलंसुरलंही संपेल, एवढी अक्कल होती. डिस्कची तब्येत दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं. सकाळी त्यात 'वाचता न आलेल्या जागा' २४ होत्या, माझ्या दुरुस्तीनंतर संध्याकाळी १८४.

शेवटी राजारामपुरीत एका बोळात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा पोरगा गाठला. मी त्याला मोबाइलवर घेतलेला आवाज ऐकवला. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "ताई, आधी बंद करायचं सोडून रेकॉर्डिंग करत बसलाय होय?" आजारी डिस्कला दुरुस्ती करायला लावायचं नसतं म्हणे. दुरुस्ती म्हणजे तिला पुन्हा पुन्हा पळवणं. जेवढा श्वास उरलाय तेवढ्यात माल बाहेर काढायचा.

त्यानं डिस्क काढून केबलनं आपल्या मशीनला जोडली. त्यावर विंडोज नाही, तिच्याऐवजी लिनक्स नावाची प्रणाली, आणि डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम. तो कसा चालतो ते बघून मला आपलं शेत आठवलं. आडसाली ऊस वाऱ्यानं लोळला की टोळीवाले आधी उभा ऊस तोडतात, पडलेल्याकडं मागनं वळतात, तसंच. सरळ वाचता येतं ते आधी घ्यायचं, अडलं की सोडून पुढं जायचं, कुठं सोडलं त्याची नोंद ठेवायची, आणि शेवटी एकेका अडलेल्या जागेशी झगडायचं. पहिल्या तीन तासांत बहुतेक सगळं आलं. राहिलेल्या चिमूटभर जागेसाठी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं होतं. मी मधे दोनदा त्याला चहा आणि एकदा मिसळ नेऊन दिली.

३९६ आले. १६ गेले, किंवा अर्धे गेले. तुमच्या लग्नातला जेवणाच्या पंगतीचा फोटो उघडला तर वर मांडव, तोरण, आजोबांचा फेटा सगळं लख्ख, आणि फेट्याच्या खाली सरळ रेघ मारल्यासारखी राखाडी पट्टी. माणसं नाहीतच. फोटोची फाइल वरून खाली वाचली जाते, जिथं वाचता आलं नाही तिथून पुढं राख. बाबांचा लेथजवळचा फोटो आलाय, तो सुतळीवर वाळताना पडलेल्या चिमट्याच्या खुणेसकट.

पुण्यात डिस्क उघडून आतलं काढून देतात, धूळ नसलेल्या खोलीत. २२ हजार सांगितले, आणि मिळेलच असं नाही. १६ फोटोंसाठी नको असं मी ठरवलंय. जुनी डिस्क टाकलेली नाही, तुम्हा दोघांना वेगळं वाटलं तर सांगा. लॅपटॉपमध्ये आता एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क बसवली, ३,२०० रुपये. तिच्यात फिरणारं काही नाही, म्हणून आवाजही नाही. बाबा, ती बिघडणार असली तर कान लावून कळायचं नाही, हे मला जरा खटकतंय.

आता तुमचं काम. मी दोन पोर्टेबल डिस्क घेतल्यात, दोन्हींवर सगळे फोटो. एक माझ्याकडे, एक तुमच्याकडे. गावचं घर टेकावर आहे, तिथं पंचगंगेचं पाणी येत नाही. आई, ती लोखंडी कपाटात, तुझ्या लग्नाच्या शालूच्या घडीत ठेव. देव्हाऱ्यात नको, तिथं समई असते. टीव्हीवर नको, मांजर पाडेल. आणि शेजारच्या पोराला पिक्चर भरायला देऊ नका.

२३ ला जोतिबाची यात्रा आहे, त्या आठवड्यात एसटीत पाय ठेवायला जागा मिळणार नाही. मी २८ च्या रविवारी गारगोटीच्या गाडीनं येते. बाबांच्या गुडघ्याचं तेल आणते.

तुमची,
थोरली

ता. क. आई, निपाणीच्या मामाच्या सोप्यात तुमच्या लग्नातला एक मोठा फोटो चौकटीत आहे, तो पंगतीचा का वरातीचा? पंगतीचा असेल तर त्याला सांग, चौकटीतून काढू नको, काचेला चिकटलेला असेल. मी येऊन तसाच मोबाइलवर घेते.